‘साधा फिल्टर लावा’ म्हणणाऱ्या वाचकास

फोर्स फीडबॅक माऊसवरच्या, म्हणजे आतल्या मोटारीने हाताला धक्का देणाऱ्या माऊसवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो: लॉजिटेक कंपनीचा आयफील हा असला माऊस १९९९ चा नाही, २००० चा. १९९९ चा तो त्यांचाच विंगमॅन माऊस, खालच्या पॅडलाच जोडलेला. दुरुस्ती केली आहे.

पण ‘कर्सर थरथरतो तर साधा लो-पास फिल्टर लावायचा, डिप्लोमाच्या पोरालाही कळतं’ हे वाक्य काही घशाखाली उतरेना. (लो-पास म्हणजे भराभर होणारी थरथर गाळून संथ हालचाल तेवढी पुढे सोडणारा.) डिप्लोमाची पोरं कशाला मध्ये ओढलीत? मी स्वतः डिप्लोमावालाच आहे. २००३ साली भंगारातल्या प्रिंटरच्या दोन डीसी मोटारी आणि बॉल-माऊसच्या भोकाभोकाच्या चकत्या घेऊन असला माऊस घरी जुळवला होता. तुमचा फिल्टर तेव्हाच लावून झालाय, महाराज.

काय व्हायचं सांगतो. कर्सर बटणाच्या कडेला लागला की मोटार हाताला टिचकी मारते. त्या टिचकीने माऊस सरकतो, सेन्सरला वाटतं हात हलला, आणि कर्सर कडेबाहेर. मग पुन्हा आत ओढ, पुन्हा टिचकी. खिडकी लहान करायला जावं तर शेजारची फुली दाबली जायची. फिल्टर म्हणून मी सेन्सरच्या शेवटच्या ८ नमुन्यांची सरासरी घेतली. थरथर गेली, पण दर ८ मिलिसेकंदांनी एक नमुना, म्हणजे कर्सर हातामागे सुमारे २८ मिलिसेकंद. चिखलातून चालल्यासारखं. त्यात मोटारीची ओढही त्याच शिळ्या जागेवरून मोजली, तर थरथर नव्याने सुरू!

हात कुठला नि मोटार कुठली, हे फिल्टरला कळत नाही. संगणकाला कळतं, कारण टिचकीचा हुकूम त्याचाच. म्हणून तेवढ्या क्षणापुरती माऊस आणि कर्सर यांची गाठ सोडायची. माऊस हलू दे, कर्सर जागेवर. लेखात हेच लिहिलं होतं. तिथवर पोचलात की नाही, कोण जाणे. हां, सतत घरघरणाऱ्या कंपनाला फिल्टर चालतो, हाताची हालचाल त्याहून संथ असते. ते लिहायचं राहिलं, बरं.

वायरिंग, स्प्रिंग, माझं शुद्धलेखन यांवर उत्तर देत बसत नाही. ‘पेटंटं वाचून ठोकलेला लेख’? हो, या तंत्राची पेटंटं घेणाऱ्या इमर्शन कंपनीची वाचली आहेत. वाचायलाच असतात ती.

तो माऊस अजून माळ्यावर आहे. या कधी, फिल्टर लावूनच हातात देतो.