पाचशे रुपयांत सहा कुंड्या

प्रदर्शनात साडेतीनशे रुपयांना एक या भावाने मांडलेल्या रंगीत कुंड्या पाहून ‘हे तर घरीही करता येईल’ असे ज्याच्या तोंडून निघते, त्याच्याच गळ्यात ते काम पडते, हा आमच्या घराचा अलिखित नियम आहे. वाक्य माझ्या तोंडून निघाले. बाल्कनीत आठ इंची मातीच्या सहा कुंड्या होत्याच. सौभाग्यवतींनी तत्काळ पाचशे रुपयांची तरतूद मंजूर केली आणि पुरवणी मागण्या विचारात घेतल्या जाणार नाहीत, असेही त्याच बैठकीत जाहीर केले.

रंगाच्या दुकानदाराने माझे म्हणणे सहानुभूतीने ऐकून घेतले. “साहेब, माती रंग पिते. आधी आतून-बाहेरून दोन हात प्रायमर मारा, त्यावर दोन हात ॲक्रिलिक, आणि शेवटी वॉर्निश,” असे सांगून त्याने जे डबे काउंटरवर मांडले, त्यांच्या किमतीत प्रदर्शनातल्या चार कुंड्या आल्या असत्या आणि रिक्षाचे भाडेही निघाले असते. पोस्टर कलर स्वस्त होते. परंतु ते वाळल्यावरही पाण्यात विरघळतात, आणि झाडाला पाणी घालू नका, असे घरात कोणत्या तोंडाने सांगायचे?

मातीची कुंडी रंग पिते हे खरेच आहे, पण तिचा खरा दुर्गुण हा की ती प्यायलेले पाणी परतही करते. भट्टीत भाजूनही तिच्या अंगावरची बारीक छिद्रे उघडीच राहतात. त्यांतून आतला ओलावा बाहेर झिरपतो आणि वाटेत आडवा आलेला रंग पोपड्यांच्या रूपाने खाली ढकलून देतो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मी यावर उपाय विचारला, तेव्हा तिथल्या मावशींनी माझ्याकडे दयेने पाहत म्हटले, “आतून रंग लावलात तर कुंडीला श्वास घेता येणार नाही. मग प्लास्टिकचीच घ्यायची होती ना.” आता मुळांना हवा मिळावी आणि जास्तीचे पाणी उडून जावे म्हणून तर मातीची कुंडी घ्यायची, आणि रंग टिकावा म्हणून तिची सगळी छिद्रे बुजवायची! जगातल्या कोणत्याही तत्त्वज्ञाला पेच पडावा असा हा प्रश्न माझ्या बाबतीत पाचशे रुपयांनी सोडवला: प्रायमर बादच झाला.

राहिला गेरू. एक किलो गेरू चाळीस रुपयांना मिळतो, तुळशीवृंदावनापासून अंगणाच्या कडेपर्यंत कुठेही शोभतो, आणि तो लावल्यावर कुंडी पूर्वी होती त्याच रंगाची दिसते. हा शेवटचा गुण मला विशेष भावला, कारण चुकून कुठे लावायचा राहिला तरी कोणाच्या लक्षात येण्याचे भय नव्हते. नुसता गेरू हाताला लागतो म्हणून त्यात बेताचा पांढरा डिंक मिसळला. कुंड्या रिकाम्या करून, घासून, धुऊन उन्हात वाळत ठेवल्या. त्यांतली झाडे तेवढ्या काळापुरती बादलीत, पातेल्यात आणि एका दुर्दैवी प्रसंगी वरणाच्या भांड्यात निर्वासितांसारखी राहिली. या विषयावर घरात जे बोलणे झाले, त्याचा तपशील देत नाही.

गेरूवर पांढरी वारली चित्रे काढण्याचे ठरले, ते केवळ काटकसरीपोटी. एकच रंग पुरतो, आणि माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हे मलाही जमण्यासारखे होते. वारली पाड्यांवर स्त्रिया घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहितात तो तांदळाच्या पिठाने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, त्यामुळे ब्रशाचे पैसेही वाचणार होते. जिव्या सोमा म्हसे यांना या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ही माहिती मी काडी चावता चावता घरात सांगितली. तिचा अपेक्षित परिणाम झाला नाही. मी मात्र तांदळाचे पीठ टाळून ॲक्रिलिकची बाटली आणली, कारण आमच्या बाल्कनीतल्या मुंग्यांना कलेची जाण नसली तरी पिठाची नक्कीच आहे.

भिंत आणि कुंडी यांतला फरक तारप्याचा नाच, म्हणजे तारपा या फुंकवाद्याच्या सुरावरचा वारल्यांचा नाच, काढताना समजतो. भिंतीवर नर्तकांची साखळी हवी तिथे थांबवता येते. कुंडीवर ती फिरून पहिल्या नर्तकापाशीच येते, आणि तिथे उरलेली जागा एका माणसाला जास्त व दोघांना कमी असते. त्यामुळे माझ्या प्रत्येक कुंडीवर शेजाऱ्यांच्या कोपरांत चेपला गेलेला एक अत्यंत कृश नर्तक आहे. संध्याकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. शिवाय कुंडी खाली निमुळती होत जाते, म्हणून खालच्या रांगेतले लोक आपोआप कुपोषित झाले.

सर्व खर्च तीनशेच्या आत बसला, याचा आनंद मी मोकळेपणाने व्यक्त केला. पुढे काही आठवड्यांनी अपेक्षेप्रमाणे टँकरच्या जड पाण्यातले क्षार झिरपून बाहेर आले आणि नर्तकांच्या पायांभोवती पांढरे पट्टे उमटले. लिंबू चोळले असते तर ते गेले असते, पण त्यांच्यासोबत गेरूही गेला असता आणि लिंबांचा खर्च वेगळाच. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे धुकं काय सुंदर उतरवलंय हो!”

“ते सगळ्यात अवघड काम होतं,” सौभाग्यवती माझ्या आधीच बोलून गेल्या, “पण ह्यांना आवड आहे. तुमच्याही पाठवून द्या.”

काकूंच्या कुंड्या बारा इंची आहेत.