बिल्ड वापस!

हमीभाव केंद्रावर सोयाबीनची ट्रॉली घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं नशीब एका डबड्याएवढ्या यंत्रात असतं. ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की माल वापस. कितीही भांडा, आकडा उतरत नाही. आमच्या वेबसाइट बनवण्याच्या धंद्यातही आता असंच यंत्र, म्हणजे गेट, बसलंय: धोकादायक आवृत्तीचं वेब फ्रेमवर्क (साईटचा तयार सांगाडा) दिसलं की बिल्ड, म्हणजे सर्व्हरवर चढवायला तयार केलेली साईट, वापस. सोयाबीन निदान ताडपत्रीवर पसरून वाळवता येतं. नेक्स्ट जेएस नावाचं फ्रेमवर्क परभणीच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलं तरी आपोआप दुरुस्त १५.५.७ आवृत्ती होत नाही.

हे यंत्र कामून बसवलं, ते ३ डिसेंबर २०२५ नंतर कुणाला विचारावं लागत नाही. नेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या रिॲक्ट लायब्ररीच्या सर्व्हर कंपोनंट्समधलं (सर्व्हरवर चालणाऱ्या भागातलं) छिद्र त्या दिवशी सीव्हीई-२०२५-५५१८२ या नोंदीने जाहीर झालं. गांभीर्य १० पैकी १०. लॉगिन नको, पासवर्ड नको. बेतून रचलेली एक रिक्वेस्ट पाठवायची आणि आपल्या सर्व्हरवर परक्याचा कोड चालायला लागतो. साईट होस्ट करणाऱ्या व्हर्सेल कंपनीने तर धोकादायक आवृत्त्यांची नवी डिप्लॉयमेंट घेणंच बंद केलं.

यावर आपल्याकडचा पहिला इलाज ठरलेला. पॅकेज जेसन (पॅकेजांची यादी असलेली फाइल) उघडायचं, रिॲक्टपुढे दुरुस्त १९.२.१ लिहायचं आणि चहाला जायचं. वरचा थर कोरडा, पोत्यात आत सगळं ओलं. कारण नेक्स्टचा ॲप राउटर (पानं दाखवणारा भाग) रिॲक्टची स्वतःची प्रत पोटात घेऊन फिरतो. तुम्ही बाहेर काय लिहिलं त्याची त्याला फिकीर नाही. बदलायचं ते नेक्स्टच. पॅकेज बसवणाऱ्या एनपीएमला ‘एनपीएम इन्स्टॉल नेक्स्ट@१५.५’ दिलं की १५.५ च्या ओळीतली सगळ्यात ताजी आवृत्ती येते. मग ‘एनपीएम एलएस नेक्स्ट’ चालवून बघायचं, कारण एकाच रेपोत (कोडच्या कोठारात) तीन ॲप असली तर तिसऱ्यात जुनी प्रत हमखास दडून बसलेली असते. आणि लॉक फाइल, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांची नोंद, कमिट करायची (रेपोत जमा करायची). सर्व्हरवरचं ‘एनपीएम सीआय’ लॉक फाइलच खरी मानतं. ती आणि पॅकेज जेसन जुळले नाहीत तर तिथंच हात वर करतं. रेपोत कुणी एनपीएमसारख्याच यार्नची जुनी लॉक फाइलही ठेवलेली असेल, तर तपासणी एकीची आणि बिल्ड दुसरीवरून, असा दुहेरी कारभार चालतो. तो कुणाच्या लक्षात येत नाही.

नेक्स्ट १४ च्या स्थिर आवृत्तीवर बसलेली मंडळी, डिसेंबरचं छिद्र त्यांना लागू नसल्याने, त्या आठवड्यात कॉलर ताठ करून फिरत होती. ‘आम्ही म्हणलं नव्हतं, नवं घेऊ नका?’ त्यांना हळूच विचारावं: मार्च २०२५ मध्ये मिडलवेअरचं (रिक्वेस्ट आधी तपासणाऱ्या कोडचं) छिद्र निघालं, एक हेडर पाठवला की लॉगिनची तपासणीच वगळली जायची, ते १४.२.२५ मध्ये बुजलं, तुमची कितीची? कॉलर आपोआप खाली येते.

यंत्र बसवणाऱ्यांचेही पराक्रम कमी नाहीत. ‘१५.०.५ च्या पुढचं सगळं पास’ असा नियम लिहितात. पण प्रत्येक ओळीची दुरुस्ती वेगळी आहे: १५.१ मध्ये १५.१.९, १५.२ मध्ये १५.२.६, १५.३ मध्ये १५.३.६. म्हणजे १५.३.० आकड्याने मोठी असून नापास. काही जण आवृत्त्यांची तुलना अक्षरांसारखी करतात. मग १५.५.१० ही १५.५.७ पेक्षा लहान ठरते आणि इमानदारीने अपडेट केलेला पोरगाच गेटवर अडकतो. तुलना सेमव्हरच्या (टिंबांमधला प्रत्येक आकडा संख्या म्हणून बघणाऱ्या) नियमानेच करावी, आणि धोकादायक आवृत्त्यांची यादी गेटमध्ये कोरून ठेवू नये. ११ डिसेंबरला त्याच भागात आणखी दोन दोष जाहीर झाले, त्यातल्या एकाची पहिली डागडुजीही अपुरी निघाली. ३ तारखेची यादी चिकटवून बसलेलं गेट त्या दिवशीही हसतमुखाने सगळ्यांना आत सोडत होतं.

उलट टोकाचा उत्साहही नको. ‘एनपीएम ऑडिट’ (पॅकेजांतले ज्ञात दोष शोधणारी कमांड) नुसतंच लावलं की टेस्टिंगच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पॅकेजच्या किरकोळ दोषावरूनही बिल्ड पडतं. आठवडाभरात कुणीतरी त्या ओळीपुढे दोन उभ्या रेघा आणि ‘ट्रू’ लिहितो, म्हणजे दोष सापडला तरी पास. गेट उभं, कुलूप लावलेलं, भिंत मात्र नाही. त्यापेक्षा पातळी ‘क्रिटिकल’ ठेवा, डेव्ह डिपेंडन्सी (फक्त बनवताना लागणारी पॅकेजं) वगळा आणि फ्रेमवर्कवर तेवढी सक्ती करा. सूट द्यायचीच तर नाव आणि तारीख घालून, तारीख उलटली की आपोआप रद्द होणारी. आमच्याकडे ‘तात्पुरतं’ म्हणून लिहिलेल्या ओळी निवृत्तीपर्यंत सेवा बजावतात. आणि अडवताना नुसतं ‘एक्झिट कोड १’ (नापास) ओरडू नये. कुठलं पॅकेज, कितीची आवृत्ती सापडली, कितीवर जायचं आणि कुठली कमांड द्यायची, एवढं तरी छापावं.

आमच्या गिऱ्हाईकाला, मोंढ्यातल्या आडत्याला मात्र हे काही छापून भागत नाही. ‘अहो सर, आमची साईट कामून अडवली? पैसे तर दिले की.’ मालक, साईट चालूच आहे, अडली ती नवी. ‘मग जुनी बरी म्हणायची की!’ इथं भले भले गप्प होतात, कारण ओली आवृत्ती खरं म्हणजे जुन्या साईटवरच दिवसरात्र उघडी पडलेली असते. गेट फक्त नव्या बिल्डला अडवतं. आधीच चालू असलेल्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. म्हणून लाइव्ह काय चाललंय त्याची यादी वेगळी काढावी लागते, आणि दुरुस्ती चढवल्यावर डेटाबेस, पेमेंट, एसएमएस सगळ्यांच्या चाव्या (गुप्त कोड) बदलाव्या लागतात. मधल्या काळात कुणी त्या वाचून गेलं असेल, तर नवी आवृत्ती त्याच्या वहीतलं पुसत नाही. त्यातली एसएमएसची चावी बदलायला ओटीपी लागतो, आणि तो जातो ज्याने खातं उघडलं त्या पोराच्या मोबाइलवर. तो पोरगा आता हिंजवडीत असतो आणि अनोळखी फोन उचलत नाही.