चोरी लहान असली तरी कळवा

जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांसाठी, विशेषतः जे आता कॅप्टन किंवा चीफ इंजिनियर झाले आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

मी सेकंड इंजिनियर होतो तेव्हाची गोष्ट. माल भरलेलं बल्क कॅरिअर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज), सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पूर्वेकडे चाललेलं. डावीकडे सिंगापूरचा लखलखाट, उजवीकडे इंडोनेशियाच्या बाटम बेटाचे दिवे. माल भरल्यामुळे जहाज पाण्यात खोल बसलेलं, वेग जेमतेम दहा-अकरा नॉट, म्हणजे ताशी सुमारे वीस किलोमीटर. संध्याकाळीच आम्ही मागच्या डेकवर पाण्याचे होज सोडून ठेवले होते. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून दोन बुजगावणी कठड्याला बांधली होती, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. तरीही पहाटे तीनच्या सुमारास चारजण चढलेच. मागून लाकडी होडी लावायची, बांबूला आकडा बांधून कठड्याला अडकवायचा आणि सरसर वर यायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत.

आमचा मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, दापोलीकडचा, चोवीस वर्षांचा पोरगा. राउंडला गेला आणि नेमका त्यांच्यासमोर आला. सुरा दाखवून त्यांनी त्याचे हात बांधले आणि स्पेअरच्या खोलीतून बेअरिंग, इंजेक्टर गोण्यांत भरून नेले. मी दोरी सोडली तेव्हा त्याच्या मनगटांवर लालभडक वळ होते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, घरी कळवू नका. आई परत पाठवायची नाही."

घरी कळवलं नाही, आणि आणखी कुठेच कळवलं नाही. कंपनीचा निरोप आला, कोणी जखमी नाही ना, मग पुढे चला. चौकशीत जहाज अडकलं तर दिवसाचं भाडं बुडतं. कॅप्टन गप्प बसला. मीही बसलो, आणि ते मला आजवर डाचतं.

का डाचतं, ते सांगतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या बाहेर, खुल्या समुद्रावर लूट झाली तर कायद्याने ती चाचेगिरी, आणि कुठल्याही देशाचं नौदल चाच्यांना धरू शकतं. आत झाली तर तो सशस्त्र दरोडा, आणि कारवाई फक्त त्या किनारी देशाने करायची. सिंगापूरची सामुद्रधुनी इतकी अरुंद की चोर काही मिनिटांत एका देशाच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात जातो. पोलिसांची बोट हद्दीवर थांबते, चोराची थांबत नाही. म्हणूनच शेजारी देशांनी एकमेकांना तातडीने खबर देण्याला पर्याय नाही.

खबरेने काय होतं ते मुंबईने पाहिलंय. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी जहाज अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघालं आणि लगेच पळवलं गेलं. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. चाच्यांनी जहाजाचा रंग आणि नाव बदललं. पण चाचेगिरीच्या नोंदी घेणाऱ्या क्वालालंपूरच्या केंद्राने सगळीकडे वर्णन कळवलं होतं, आणि एका टँकरच्या कॅप्टनने जहाज ओळखून खबर दिली. मग आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने पाठलाग केला, नौदलाची 'प्रहार' मदतीला आली आणि जहाज मुंबईत आणलं.

पुढचं वाचून वाईट वाटतं. सत्र न्यायालयाने दिलेली सात वर्षांची शिक्षा २००५ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही, आरोपी सुटले. चाचेगिरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता! तो संसदेने मंजूर केला २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली चाचे धरून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा हा कायदा हाताशी होता. आपल्या नौदलाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चाचेगिरीची खबर एकमेकांना देण्यासाठी आशियातल्या देशांचा 'रीकॅप' हा करार जपानच्या पुढाकाराने २००४ मध्ये ठरला आणि २००६ मध्ये लागू झाला. माहितीचं केंद्र सिंगापुरात, आपल्याकडून जबाबदारी तटरक्षक दलाकडे. मलेशिया आणि इंडोनेशिया मात्र अजून सदस्य नाहीत. ते मलाक्काच्या सामुद्रधुनीत संयुक्त गस्त घालतात, माहितीही देतात, हे मान्य. पण ज्यांच्या पाण्यात सर्वाधिक चोऱ्या होतात तेच कराराबाहेर राहतात, हे मला पटत नाही. त्यांनी यायलाच हवं.

तरी मी आधी बोट आपल्याकडेच दाखवतो. जहाजाने सांगितलंच नाही तर केंद्र कोणाला काय कळवणार? गस्त कुठे वाढवायची, हे आलेल्या नोंदींवरूनच ठरतं. आमच्या पाठोपाठ त्या रात्री किती जहाजं त्याच वाटेने गेली असतील! त्यांना कोणी सावध केलं नाही, कारण आम्हीच तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी त्याच पट्ट्यात आमच्या स्टिअरिंग गिअर रूमचं, म्हणजे जहाजाचं सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राच्या खोलीचं, कुलूप तुटलेलं दिसलं. काही गेलं नव्हतं. मी चीफ इंजिनियर म्हणून ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, गेलो आणि कॅप्टनला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कळवा. त्यांनी लगेच व्हीएचएफ रेडिओ उचलला. थोड्याच वेळात मागून येणाऱ्या जहाजांना सूचना गेली, मागच्या डेकवर पहारा वाढवा, संशयित होडी दिसली आहे. आम्ही दोघं ती तिथेच उभं राहून ऐकत होतो.