अलमट्टीच्या वादात मासा कुठं आहे?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भिलवडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अलमट्टी सुरू होतं. कर्नाटकाला कृष्णेवरच्या आपल्या या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या सांगलीकरांचा, पाणी मागं फुगून पूर वाढेल या भीतीनं, त्याला विरोध आहे, माझाही आहे. पण मीटर, टीएमसी, क्युसेकच्या या भांडणात नदीत राहणाऱ्या जिवांचं नावही निघत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये राहायला लागल्यापासून मला हे फार खटकतं.

इथल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडून टाकली. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सामन माशांची वाट त्यांनी शतकभर अडवली होती. युरोक, कारुक या आदिवासींनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. शेवटचं धरण निघालं आणि काही आठवड्यांतच मासे वरच्या अंगाला पोहोचले.

हे ग्रुपवर सांगितलं की उत्तर ठरलेलं: "मग कोयना पाडायची का?" प्रश्न रास्त आहे. क्लॅमथवरची ती धरणं विजेसाठी होती, शेती त्यांच्यावर नव्हती. कोयनेच्या १०५ टीएमसीवर वीजही आहे आणि आपला उन्हाळाही. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्यानं दुष्काळी आटपाडी-जतकडं काय फरक पडला, हे कुणी मला सांगायला नको. कोयना राहू दे.

बंधाऱ्यांचं मात्र बोलू या. कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागोमाग एक आहेत. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, घालायचे, पाणी तुंबवायचं. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी त्यातच साचते. बर्गे काढले की तळाचं कुजकं, प्राणवायू संपलेलं पाणी एकदम खाली सुटतं आणि काठाला मेलेल्या माशांचा खच लागतो. दरवेळी चर्चा मळीवर येऊन थांबते. मळी सोडणाऱ्याला मोकळा सोडूच नये, पण पाणी अडवल्यामुळं तिचं विष वाढतं, हे कुणी बोलत नाही.

महाशीर माशाला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो अंडी घालायला वर चढतो. दख्खनच्या महाशीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये झालं, तेही याच खोऱ्यातल्या मुळा-मुठेच्या माशावरून. आज वर धोम, कोयना, चांदोलीच्या भिंती, खाली बंधारे आणि गाळ. कृष्णेतली मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर अंडी घालते. विसर्ग अचानक वाढला की घरटं पाण्याखाली जातं. मगरीची बातमी येते ती फक्त भीतीची.

कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट आहे. काचेपलीकडं हिरवट पाण्यात सामन प्रवाहाशी झुंजत एकाच जागी थरथरतो आणि एका झटक्यात पुढं सरकतो. तिथं माणूस बसून मासे मोजतो, रोजचा आकडा जाहीर होतो. तरीही कोलंबियातला सामन पूर्वीइतका राहिला नाही; मोठे मासे वर चढतात, पण खाली येणारी पिल्लं टर्बाइनमध्ये मरतात. त्यामुळं इथली शिडी उचलून तिकडं बसवा, असं मी म्हणत नाही. आपल्या माशांना झेपेल अशी वाट आपल्यालाच आखावी लागेल, आणि ती नव्या बंधाऱ्याच्या आराखड्यातच हवी. बर्गे टप्प्याटप्प्यानं काढायला तर नवा पैसाही लागत नाही. अलमट्टीविरोधातल्या पुढच्या निवेदनात पूररेषेच्या नकाशाबरोबर कृष्णेतल्या माशांच्या पाहणीची मागणी घाला, माझी सही धरून चाला.