अमळनेरच्या विप्रोबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमळनेरकर भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा ओशाळलो. बाकीच्या वाचकांसाठी: मागच्या लेखात मी एकेका कंपनीचे शेअर निवडण्यापेक्षा म्युच्युअल फंड बरा, असं लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्या गावात विप्रोचे शेअर धरून बसलेली साधी माणसं कोट्यधीश झाली. आजोबांचे कागद अजून आमच्या ट्रंकेत आहेत. फंडात हे झालं असतं का? तुम्ही लोकांना भित्रं करताय आणि फंडवाल्यांचं दुकान चालवताय."

आधी दुकानाचं. मागच्या लेखात मी जे उदाहरण घेतलं ते रेग्युलर प्लॅनचं होतं. त्यात वितरकाचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं. २०१३ च्या जानेवारीपासून डायरेक्ट, म्हणजे हे कमिशन नसलेले, प्लॅन मिळतात, हे मी लिहायलाच हवं होतं. वर्षाला वाचणारा एखादा टक्का किरकोळ वाटतो, पण १ लाख रुपये २५ वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर १७ लाख होतात आणि ११ टक्क्यांनी वाढले तर साडेतेरा लाखांच्या थोडे वर. मला कुणाकडून दमडी मिळत नाही, तरी चूक ती चूकच. ओशाळलो तो इथे.

पण विप्रोचं मला पटत नाही.

१९४५ साली तुमच्या गावात जी कंपनी निघाली ती वनस्पती तूप करायची, पुढे साबणही. त्या काळी ज्यांनी शेअर घेतले त्यांनी काही सॉफ्टवेअर कंपनी हेरली नव्हती. कारखाना गावातला, माणसं ओळखीची, म्हणून घेतले. अझीम प्रेमजींनी १९६६ मध्ये सूत्रं हाती घेतली आणि कंपनी संगणकाकडे वळली ती १९८० च्या आसपास. म्हणजे पस्तीस वर्षं तुपाच्या कंपनीचा कागद कपाटात पडून होता! विकायचं सुचलं नाही म्हणा, गरज पडली नाही म्हणा, पण खरी कमाई त्या न विकण्याची आहे. शेअर निवडण्याचं कसब त्यात मला तरी दिसत नाही.

त्याच काळात परळ-लालबागला कुणीतरी अशाच विश्वासाने गिरणीचे शेअर घेतले असतील. गिरणी डोळ्यांसमोर, भोंगा रोज ऐकू येणारा. १९८२ चा संप झाला, पुढच्या वर्षी सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. त्या माणसाचा नातू माझ्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला येत नाही. तुम्ही येता.

बरं, कंपनी उत्तमच निवडली, तरी घेतली कधी? २००० च्या फेब्रुवारीत तेजीच्या टोकाला ज्याने विप्रो घेतला, त्याला वाटेत मिळालेले फुकटचे बोनस शेअर धरूनही दहा वर्षांनी तो भाव दिसला नव्हता. कंपनी तीच, प्रेमजी तेच.

आणि येस बँक? २०१८ च्या ऑगस्टमध्ये भाव ४०० च्या आसपास, २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावर दुसऱ्याच दिवशी वीसच्याही खाली. तोवर तो शेअर निफ्टीत, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात होता, म्हणून त्या यादीप्रमाणेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडवाल्यालाही फटका बसला. पण पन्नासातला एक. त्याच महिन्यात निर्देशांकाने तो काढून टाकला, फंडवाल्याला काही ठरवावं लागलं नाही. ज्याच्याकडे तो एकटाच होता, तो मात्र "आता वर येईल" म्हणत आणखी घेत बसला. (असं एका दुसऱ्या, सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी स्वतः केलंय. आकडा सांगत नाही, बायकोही हा ब्लॉग वाचते.)

शेअर घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझ्याकडे चार कंपन्या आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल वाचायला मला आवडतात. बाकी सगळं इंडेक्स फंडात, कारण पाचवा अहवाल वाचायला रविवार उरत नाही.

शेवटी तुमची ती ट्रंक. भाऊ, वाद राहू द्या, आधी ते कागद बाहेर काढा. २०१९ च्या एप्रिलपासून कागदी शेअर डिमॅट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक) केल्याशिवाय सहसा विकता येत नाहीत. शेअर आजोबांच्याच नावावर असतील तर आधी वारसाची नोंद लागेल. आणि लाभांश सलग ७ वर्षं कुणी घेतला नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. अर्ज करून ते परत मिळतात, फक्त कागदपत्रांसाठी हेलपाटे मारावे लागतात. कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कागदावरचा फोलिओ नंबर कळवून या आठवड्यातच चौकशी करा, आणि काय निघालं ते इथे लिहा.