विजयदुर्गला जाताय? मग गिर्येची गोदीही बघा

परवा विजयदुर्गच्या तटावर उभा होतो. शेजारी एक कुटुंब 'साहेबाच्या ओट्यां'पाशी (लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ चं सूर्यग्रहण इथून पाहिलं, असं सांगतात) फोटो काढत होतं आणि बाबा मुलीला सांगत होते, "हेलियमचा शोध इथे लागला." तोंडावर आलेलं गिळलं. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून इथे लिहितोय.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, आणि हेलियमचा माग सूर्याच्या प्रकाशातच लागला, हेही खरं. पण ते ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. आणि ज्या लॉकियरचं नाव या ओट्यांना चिकटवतात, तो तेव्हा इंग्लंडात होता. त्याने आपलं निरीक्षण २० ऑक्टोबरला तिथूनच केलं, तेही ग्रहणाशिवाय! शिवाय ऑगस्टात कोकणातलं आभाळ कसं असतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

राग चुकीच्या गोष्टीचा नाही येत. राग याचा येतो की उसन्या साहेबाचं कौतुक करताना आपलं स्वतःचं राहून जातं. किल्ल्यापासून थोडं आत, वाघोटण खाडीच्या काठी, गिर्येला आंग्र्यांची जहाजदुरुस्तीची गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, पाणी काढलं की तळ कोरडा. मग सुतार लाकडाला भिडायला मोकळे.

वाट विचारली तर दारात जाळं विणत बसलेले आजोबा हसले. "गोदी बघूक कोण येता? सगळे किल्लो बघतत आनि जातत." तरी उठून बांधापर्यंत सोबत आले. पुढे झुडपं, चिखल, आणि जांभ्याच्या भिंतीवर चिकटलेले कालवांचे शिंपले. हात लावला तर बोट कापलं.

याच खाडीच्या मुखाशी फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. आपलं आरमार बुडवायला आपणच इंग्रजांना हाताशी धरलं, ही गोष्ट मात्र कुठला बाबा मुलीला सांगत नाही. अवघड आहे म्हणा, फोटोत बसत नाही.

तर जाणाऱ्यांनी एक दिवस जास्त ठेवा. गिर्येचं रामेश्वर मंदिर बघा, जांभा कापून काढलेल्या वाटेने खाली उतरताना उन्हातही गार वाटतं. वेळ असेल तर बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले याच देवगड तालुक्यात आहे. जेवण बंदराजवळच्या कुठल्याही खानावळीत, पण बांगडा ताजा आहे का ते आधी विचारा. मी नाही विचारलं.

आणि गोदीकडे जाताना चपला नको, बूट घाला.