स्वातंत्र्य जमा करून पोच घेण्याविषयी

आपल्याकडे अजून थोडेफार स्वातंत्र्य शिल्लक असेल, तर ते घरात ठेवू नका, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. ही वस्तू जोखमीची आहे. ती कपाटात ठेवता येत नाही, सोसायटीत गहाण पडत नाही, आणि पाहुण्यारावळ्यांनी विचारलेच, की याचे तुम्ही नेमके करता काय, तर पटकन उत्तरही सुचत नाही. त्यापेक्षा ते तहसीलच्या खिडकीवर हप्त्याहप्त्याने जमा करावे आणि दर हप्त्याची पोच आठवणीने मागून घ्यावी. एकरकमी जमा करायला गेलात, तर गावात चर्चा होते, क्वचित मोर्चाही निघतो; हप्त्याने दिले, तर घरच्यांनाही पत्ता लागत नाही.

हे तंत्र न समजल्यामुळे निजामाची फजिती झाली. त्याच्या अमलात ‘गश्ती निशान 53’ नावाचे एक फर्मान होते. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा त्याचा मतलब. माणसे खवळली, तुरुंगात गेली, कित्येकांनी प्राण दिले, आणि सप्टेंबर 1948 मध्ये मराठवाडा मोकळा झाला. निजामाची चूक एवढीच, की परवानगीसोबत त्याने एखादे अनुदान ठेवले नव्हते. ठेवले असते, तर आपल्याच आज्या-पणज्यांनी रांग लावून विचारले असते, की अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो. आज आपण मांडव घालायला नगरपालिकेची, पोलिसांची आणि वीज कंपनीची परवानगी गोळा करतो, आणि त्याच मांडवात मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांवर भाषण ठेवतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागत असल्याने वक्त्याला आवरते घ्यावे लागते, ही मात्र नियमांची खरीखुरी कृपा आहे.

सरकार आपोआप वाढते, असा एक गैरसमज आहे. त्याला आपणच खतपाणी घालावे लागते. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते. 1981 मध्ये जालना, 1982 मध्ये लातूर आणि 1999 मध्ये हिंगोली असे तीन वाढले, आणि दर वेळी आपण गुलाल उधळला. त्यात गैर काही नाही. हिंगोलीकडच्या माणसाला एका सहीसाठी परभणी गाठावी लागे, आणि साहेब दौऱ्यावर असले की तसेच मागे फिरावे लागे. पण आपण सही जवळ आणा म्हणालो. ही सही हवीच कशाला, असे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. जाणत्या नागरिकाने हाच कित्ता गिरवावा. जाच कमी करा, असे निवेदन कधीही देऊ नये. जाचाचे एक उपविभागीय कार्यालय आमच्या तालुक्याला मंजूर करा, असे द्यावे. ते मंजूर होते.

चांगल्या कामापासून सुरुवात झाली असेल, तर आक्षेप घेण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. 1951 मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट जोडले गेले. मूलभूत हक्क मोडला म्हणून ज्यांना न्यायालयात खेचता येऊ नये, असे कायदे ठेवण्याची ती पेटी होती. तिच्यात पहिल्याने गेलेल्या 13 कायद्यांत हैदराबाद संस्थानातील जहागिरी मोडणारा कायदा होता, आणि जहागीरदारांसाठी टिपे गाळणारा माणूस मराठवाड्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पण पेटी एकदा घरात आली की तिच्यात काहीबाही ठेवायची सवय लागते. नोंदी 284 पर्यंत गेल्या. 24 एप्रिल 1973 नंतर पेटीत गेलेले कायदे तपासून पाहता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले, तोवर शेतकरी न्यायालयाची ती वाट विसरूनही गेला होता.

कापसाची गोष्ट तर मुलांना झोपताना सांगावी अशी आहे. 1972 मध्ये, म्हणजे नेमके ज्या वर्षी मराठवाडा दुष्काळात खडी फोडत होता त्याच वर्षी, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस तुमचा, पण तो विकायचा सरकारलाच, सरकारच्या केंद्रावर आणि सरकारच्या भावाने. पलीकडे आंध्रात भाव चढा असला, तरी किनवटच्या शेतकऱ्याने स्वतःचा कापूस स्वतःच्या गाडीत घालून सीमा ओलांडली, की तो चोर. स्वतःच्याच मालाची चोरी करण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. योजनेचा हेतू व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा होता, आणि ती तावड सुटलीही. दुसरी तावड सरकारी असल्यामुळे तिची तक्रार कोणाकडे करायची, एवढाच प्रश्न उरला.

जमिनीचेही तसेच आहे. निजामाच्या काळातील मदतमाश इनामाच्या, म्हणजे उदरनिर्वाहासाठी बहाल केलेल्या, जमिनी मोकळ्या करून घ्यायच्या, तर बाजारमूल्याच्या 50 टक्के नजराणा भरावा लागे. 2024 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. टक्के कमी झाले. ‘नजराणा’ हा शब्द मात्र तसाच राहू दिला. दरबार गेला तरी दरबारी रीत जपणारे असे रसिक सरकार मिळायला भाग्य लागते.

आता स्वतःच्या वावरात उभे राहण्याविषयी. पूर्वी पीकपेरा, म्हणजे कोणत्या शेतात काय पेरले याची नोंद, तलाठी लिहीत असे, कधी चावडीत बसूनच. 2021 पासून तो शेतकऱ्याने मोबाईलवर स्वतः नोंदवायचा आहे. मागच्या खरिपात माझे चुलते मला सोबत घेऊन सोयाबीनमध्ये उतरले. गुडघ्यापर्यंत चिखल, वर भुरभुर पाऊस, आणि हातातला मोबाईल पाण्यापासून वाचवायला मी डोक्यावर धरलेले खताचे रिकामे पोते. मोबाईलने बराच विचार करून सांगितले, की आपण निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात. चुलत्यांनी खाली बघितले, धुरा बघितला, बापाने लावलेली लिंब बघितली. “मंग हे कुणाचं रान हाय बाबा?” असे त्यांनी मोबाईललाच विचारले. आम्ही सरकत सरकत शेजाऱ्याच्या तुरीत गेलो, तेव्हा कुठे आम्ही आमच्या शेतात असल्याचे मोबाईलने मान्य केले. फोटोत शेजाऱ्याची तूर आली. नोंद सोयाबीनची झाली. माझा सल्ला असा, की अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. डोळे आपले असतात, त्यामुळे त्यांचा पुरावा पक्षपाती ठरतो.

हक्कांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. हक्क भरपूर आहेत. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि ती न मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोगाकडे तिसरे अपील करण्याचाही दिला आहे. ज्याला एका दाखल्यासाठी वेळ नाही, त्याला तीन अपिलांसाठी तो कुठून तरी मिळेलच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. खिडकीवर आधारची छायाप्रत मागतात, रेशनकार्डाची मागतात, पासबुकाची मागतात. त्या निकालाची छायाप्रत अद्याप कोणी मागितलेली नाही, म्हणून ती नेऊन वजन वाढवू नये. ऊस तोडून तोडून बोटांचे ठसे झिजले असतील आणि यंत्र अंगठा ओळखत नसेल, तर यंत्राशी वाद घालू नये. हात धुऊन, पुसून, जरा तेल लावून पुन्हा ठेवावा. तेवढ्यात मागचा माणूस ओरडतो, हेही धरून चालावे.

बाकी तयारी सोपी आहे. पेन स्वतःचे न्यावे. सोमवारी जाऊ नये, सोमवारी बैठक असते; शुक्रवारी जाऊ नये, साहेब गावाकडे निघालेले असतात. ‘का’ हा शब्द घरीच ठेवावा आणि ‘कुठे’ हा सोबत न्यावा, म्हणजे सही कुठे करायची हे विचारता येते. छायाप्रतींचे तीन संच करावेत. पहिला ते ठेवून घेतात, दुसरा त्यांच्याकडून हरवतो, आणि तुम्ही काहीच दिले नव्हते असे ठरते, तेव्हा तिसरा लागतो.